चाचणीचं पान

खारकर अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बोळिंजच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये. दार उघडलं आणि आत दुसरं काही दिसायला जागाच नव्हती. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी आहे. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि निकाल वाचून दाखवावा तसे म्हणाले, "या शेजारी, या. पाटी चुकीची आहे. माणूस हे वजनाचं एकक नाही."

मी जिन्याने गेलो. वर पोचलो तेव्हा ते माझ्या शेजारच्याच फ्लॅटचं कुलूप उघडत होते. तेव्हापासून ते मला 'शेजारी' म्हणत आले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

लिफ्टमधलं ते वाक्य सरकारी होतं, हे मला मागाहून कळलं. अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पालघर जिल्हा वेगळा व्हायच्या कितीतरी आधीपासून, पितळी वजनांची लाकडी पेटी शिपायाच्या डोक्यावर देऊन ते वसई-विरारच्या बाजारांत फिरत. दुकानदाराचं वजन आपल्या वजनासमोर ठेवायचे, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघायचे आणि खरं निघालं तर शिक्का मारायचे. निवृत्तीनंतर पेटी गेली, शिपाई गेला. नजर तेवढी राहिली. अण्णा भाजीच्या हातगाडीपाशी नुसते उभे राहिले तरी भाजीवाला न सांगता चार भेंड्या वर टाकी. आसपासच्या बायका त्यांच्या मागोमाग भाजीला निघत, त्या याच कारणाने.

मात्र जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासणारा हा माणूस स्वतः कधी काट्यावर चढला नव्हता. कुणी सुचवलंच तर म्हणत, "न्यायाधीश स्वतःवर खटला चालवतो का?"

आता भुकेविषयी. खरं तर अण्णांविषयी बोलायचं म्हणजे भुकेविषयीच बोलायचं. त्यांच्या मते ती त्यांची एकट्याची नव्हती, घराण्याची होती. त्यांच्या पणजोबांनी म्हणे कुठल्याशा सरदाराच्या पंगतीत जिलब्यांची अख्खी परात एकट्याने संपवली आणि सरदाराने खूश होऊन त्यांना शालजोडी दिली. शालजोडी काळाच्या ओघात गेली. परात मात्र घरात होती आणि अण्णा ती पाहुण्यांना पुरावा म्हणून दाखवत. परात रिकामी होती, त्यामुळे गोष्ट खरी मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या भुकेवर त्यांनी एक तत्त्वज्ञानही उभारलं होतं. "ज्याची भूक अर्धी, त्याचा शब्दही अर्धा," हे त्याचं पहिलं सूत्र. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा वडीलधारे म्हणून अण्णांना बोलावलं होतं. मंडळी गेल्यावर अण्णांनी जाहीर केलं, "मुलगा पानात भात टाकतो. उद्या मुलीला टाकेल." लग्न झालंच. त्या दोघांचा संसार उत्तम चाललाय आणि हल्ली दोघंही भात खात नाहीत. अण्णांनी या पुराव्याची कधी दखल घेतली नाही.

माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अगदी काडीसारख्या. माहेर केळव्याचं. अण्णा जेवायला बसले की त्या शेजारी वाढायची पळी घेऊन उभ्या राहत. बसायला त्यांना सवड अशी नसेच. अण्णा खाली मान घालून जेवत. जेवताना बोलणं त्यांना मंजूर नव्हतं आणि इकडेतिकडे बघणं तर नव्हतंच. पान स्वच्छ झालं की मान वर न करता एक शब्द येई, "अप्रतिम." भिंतीपलीकडून मला तो रोज दोनदा ऐकू यायचा. वालाचं बिरडं असो, कोळंबीचं कालवण असो की उपासाची भगर असो, शब्द तोच आणि सूरही तोच. मग माई उरलेलं आवरत आणि त्या आवरण्यातच स्वतःचं जेवण उरकून घेत.

मासे घेऊन अर्नाळ्याची हिराबाय येई. तिची भवानी ठरलेली, अण्णांच्या दारात. अण्णा पापलेटाचा कल्ला उचलून आत असं निरखत, जणू शिक्का शोधतायत.

"अन्ना, मासा हाय तो, तराजू नाय," हिराबाय म्हणायची. "काय खोटं गावनार हाय त्याच्यात?"

"हिराबाई, खोटं दिसत नाही म्हणूनच शोधायचं असतं."

"मग शोदा तुमी. तवर मी पानी पिते. माई, जरा पानी दे गो."

ती पाणी पिऊन होईपर्यंत अण्णांची तपासणी व्हायची आणि अर्धी टोपली रिकामी व्हायची. "ह्या एका दारात माजा धंदा होतो," असं ती जिना उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत जायची.

आमच्या सोसायटीत माघी गणपती बसतो आणि शेवटच्या दिवशी महाप्रसाद असतो. स्वयंपाक भुईगावच्या फिलिपकडे. फिलिप तिकडे ख्रिस्ती लग्नांचा मोठा आचारी. त्याची शाकाहारी भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, हात तेवढा तोच. पहिल्या वर्षी दोघातिघांनी नाकं मुरडली होती. त्याची डाळ खाल्ल्यावर त्यांनी ती पुन्हा सरळ केली.

या महाप्रसादात अण्णांनी एक प्रथा घालून दिली होती. दुपारच्या पंगती बसण्याआधी, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फिलिप पहिला हंडा उतरवी आणि अण्णांना एक पान वाढलं जाई. याला 'चाचणीचं पान' म्हणत. खुर्ची, टेबल, केळीचं पान आणि भोवती समितीचे लोक हात बांधून उभे. अण्णा पोटभर जेवत, थोडा वेळ डोळे मिटून बसत आणि मग सांगत, "तांदूळ आणखी एक पोतं काढा," किंवा "आहे एवढं पुरे." त्यांचा सिद्धांत साधा होता. खात्यात जसं एक मूळ वजन असतं आणि बाकीची सगळी त्याच्याशी पडताळतात, तशी त्यांची भूक ही मूळ भूक. तिच्यावरून बाकीच्यांची निघते. गंमत म्हणजे अंदाज बरोबर येत असे. कधी अन्न कमी पडलं नाही, फुकट गेलं नाही. फिलिप एकदा हळूच मला म्हणाला होता, "तांदूळ किती तो मला ठाऊकच असतो. पन त्यांनी सांगितला का समितीवाले गप बसतात." तरी तोही त्या पानाची वाट बघायचा. चाचणीचं पान झाल्याशिवाय त्याच्या हाताला दुसऱ्या हंड्याचा धीर होत नसे.

मग अण्णांना दम लागायला लागला. साखर तर होतीच, ती वाढली. गुडघे बोलायला लागले. रात्री ते घोरत तेव्हा आमच्या कपाटातली भांडी किणकिणत. मधेच घोरणं थांबे, सगळं शांत होई, आणि त्या शांततेत भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं जागी होत. डॉक्टरांनी सांगितलं, आता पोट लहान करायची शस्त्रक्रियाच. अण्णांनी महिनाभर नकार दिला. एका सकाळी माई मला म्हणाल्या, "तुम्ही बरोबर चला. माझं ऐकत नाहीत. तुमच्यासमोर निदान ओरडत तरी नाहीत."

माणिकपूरला एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांच्यात कमालीची सोशिकता होती. तिची त्यांना लगेच गरज पडली.

"काका, आधी वजन घेऊ. या, इथे उभे राहा."

अण्णा काट्यापाशी गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाले, "शेजारी, जरा बाजूची पट्टी बघा. शिक्का कुठल्या सालचा आहे?"

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. शिक्का होता. साल मात्र जुनं होतं.

"मुदत संपलेली आहे," अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तकाकी आली. "हे मापन कायद्याने ग्राह्य नाही. मी यावर चढणार नाही."

"काका, अर्धा-एक किलो इकडेतिकडे झालं तरी आपल्याला चालतंय."

"बाई, प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा."

शेवटी शेजारच्या औषधाच्या दुकानातून काटा आणवला. त्यावर शिक्का ताजा होता. आता मात्र अण्णांना सुटका नव्हती. ते चढले आणि समोर भिंतीकडे बघत उभे राहिले. आकडा डॉक्टरीणबाईंनी पाहिला, मी पाहिला, माईंनी पाहिला. अण्णांनी आकडा विचारला नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "काटा खरा आहे."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुर्बिणीतून झाली, पोटावर चार-पाच बारीक छेद, बस. घरी आल्यावर आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असा लहान बाळासारखा क्रम. साखर इतक्या लवकर खाली आली, की माईंना वाटलं घरातलं यंत्रच बिघडलं. घोरणं थांबलं. पहिले काही दिवस माईंना झोप लागेना. त्या उठून अण्णांच्या नाकाशी हात धरून बघत. माझीही झोप उडाली होती, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आणि भूक गेली.

कमी झाली असं नाही. गेलीच. सकाळ झाली, दुपार झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, समोरून तळलेल्या बोंबलाचा वास आला, तरी अण्णांच्या आत काही हललं नाही. ते घाबरले. तपासणीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना थेट विचारलं, "बाई, तुम्ही पोट लहान केलंत, ते समजलं. पण भूक कुठे आहे?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोट काढलं. "हे बघा काका, स्टमकचा हा वरचा फुगीर भाग आपण काढला. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं एक हार्मोन असतं, घ्रेलिन. ते जास्त करून इथेच तयार होतं. हा भाग गेला, म्हणून तो निरोप आता कमी जातो. शिवाय अन्न आता आतड्यात लवकर पोचतं, त्यामुळे 'पुरे' म्हणणारी जी हार्मोन्स आहेत ती लवकर आणि जास्त येतात. दोन घासांत तुम्हाला भरल्यासारखं वाटतं ना? ते त्यांचं काम. पुढे भूक थोडी परत येईल. घाबरू नका."

अण्णा त्या चित्राकडे बघत राहिले.

"म्हणजे भूक या एवढ्या पिशवीत होती?"

"बरीचशी."

"आमच्या पणजोबांची?"

"ते मला नाही माहीत काका. पण असणार."

"आणि ती पिशवी तुम्ही..."

"पॅथॉलॉजीला पाठवली. रिपोर्ट नॉर्मल आहे."

परतीची रिक्षा केली. घर जवळ आलं तेव्हा अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "शेजारी, एक सांगा. इतकी वर्षं मी समजत होतो की मी खातोय. आता या बाई म्हणतात, ते पिशवीतलं रसायन होतं. मग खात कोण होतं?"

या प्रश्नावर मोठमोठी ग्रंथसंपदा उपलब्ध आहे. तिचा रिक्षात उपयोग होईल असं मला वाटलं नाही.

अण्णांच्या या तात्त्विक पेचाची खरी झळ माईंना बसली. आधी त्यांनी हट्टाने सगळं पूर्वीसारखं रांधलं. अण्णा वाटीतून दोन चमचे घेत आणि वाटी बाजूला सारत. तो शब्द येत नसे. निरीक्षक ना ते. आता पान स्वच्छ होत नव्हतं, तर शिक्का कसा मारायचा? एकदा त्यांनी लाजेकाजेस्तव चार घास जास्त घेतले आणि वर बासुंदी प्यायले. छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, ते पलंगावर आडवे होऊन मृत्युपत्राविषयी बोलू लागले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "काका, गोड झेपणार नाही म्हटलं होतं ना? पडून राहा, बरं वाटेल." तासाभराने बरं वाटलं. मृत्युपत्राचा विषय अर्धवट राहिला.

माईंनी मग खरं रांधणं सोडलं. मुगाची खिचडी, ताक, झालं. हिराबाय दारावरून हाका मारत निघून जायला लागली. "या घराला कोनाची दिस्ट लागली गो?" असं ती माझ्या दारात विचारायची.

एका दुपारी माई विरजण मागायला आल्या आणि तशाच बसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला एक गंमत सांगू? लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले. मुळीच नव्हतं. हे जेवले, पान पुसून घेतलं आणि म्हणाले, अप्रतिम. मी नंतर जेवायला बसले तेव्हा मला कळलं."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"काय विचारणार? त्या दिवशी कळलं, या शब्दात फारसा जीव नाही. पण रोज दोनदा कानावर पडला की शब्द खरा वाटायला लागतो हो. मलाही वाटायला लागलं, माझ्या हाताला चव आहे." त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "आता डॉक्टर सांगतात, चव माझ्या हाताला नव्हती, भूक यांच्या पोटाला होती. मग चाळीस वर्षं मी केलं काय?"

विरजण त्या माझ्याकडेच विसरून गेल्या.

अशात माघी गणपती आला. समितीचे लोक संकोचत विचारायला गेले, की यंदा चाचणीचं पान ठेवायचं का. अण्णा ताडकन म्हणाले, "का नाही? पोट बदललं असेल, पण माप डोक्यात आहे." आपल्याकडे कुणाचं पद काढून घेण्यापेक्षा पंगत उपाशी ठेवणं सोपं जातं. सगळे बरं म्हणाले.

शेडमध्ये खुर्ची मांडली. अण्णा आता त्या खुर्चीत मावत होते, नव्हे, आजूबाजूला जागा उरत होती. फिलिपने भात, डाळ, बटाट्याची भाजी, शिरा असं वाढलं. अण्णांनी दोन घास घेतले. तिसरा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. डोळे मिटून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं होतं, जणू जगात आता कुणाला काही नको आहे.

"पुष्कळ आहे," ते म्हणाले. "दुसरा हंडा चढवू नका."

"अन्ना, दरसाल दोन हंडे लागतात," फिलिप म्हणाला.

"दरसाल फुकट गेलं असेल."

"कंदी गेला नाय."

"फिलिप, मूळ वजन कुणाकडे आहे?"

फिलिपने समितीकडे पाहिलं. समितीने शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. दुसरा हंडा चढला नाही. पोट भरलेल्या माणसाला जगात कुणी उपाशी असेल हे पटत नाही, हा अनुभव आपल्याला राजकारणात नेहमी येतो. अण्णांच्या बाबतीत राजकारण नव्हतं, हार्मोन्स होती.

दुसऱ्या पंगतीच्या शेवटाला भात संपला. तिसरी पंगत बसलेली होती, पानं मांडलेली होती, पानांवर मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली होती. फिलिपने धावपळ करून तांदूळ धुवायला घेतले. तेवढा वेळ भरून काढायला सोसायटीचे अध्यक्ष माईक घेऊन उभे राहिले आणि त्यांनी इमारतीच्या पुनर्रंगकामावर भाषण सुरू केलं. समोर उपाशी माणसं असताना त्यांनी केलेलं हे पहिलंच भाषण. एका लहान मुलीने रडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना वाटलं त्यांचा मुद्दा पोचला. कुणीतरी बेकरीत पळालं आणि पावांच्या लाद्या घेऊन आलं. गणपतीच्या प्रसादाला लोकांनी डाळीत पाव बुडवून खाल्ला आणि फिलिप कपाळावरचा घाम पुशीत म्हणाला, "आता कशी आमची पंगत वाटते!"

मग तो अण्णांकडे वळला. रागाने नव्हे, पण सगळ्यांसमोर बोलला. "अन्ना, तुमचा काटा बदलला. शिक्का जुनाच ऱ्हायला."

मला वाटलं, आता अण्णा गरजतील. ते उठले. नवा भात उतरताच वाढप्याच्या हातातून पाटी घेतली आणि तिसऱ्या पंगतीला स्वतः वाढलं, जो तो नको नको म्हणेपर्यंत. शेवटच्या पानापर्यंत वाकून वाढलं. पूर्वी त्यांना वाकता येत नसे.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "शेजारी, खात्यात खोटं निघालेलं वजन काय करतात माहीत आहे? फेकत नाहीत. त्यावरचा शिक्का खोडतात. तेवढं समितीला कळवा. माझा खोडा म्हणावं."

"अण्णा, एकदा चुकलं."

"एकदा चुकणारं वजन हे वजन नसतं, दगड असतो."

पुढचे काही महिने अण्णा शांत होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवत. घास लहान, तो चावून चावून पाणी करायचा, मधे चमचा खाली ठेवायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. एक वाटी संपायला सिनेमाचा पूर्वार्ध लागे. पूर्वी मान खाली असायची. आता घास तोंडात घोळवत ते इकडेतिकडे बघायला लागले. आणि एका रविवारी भिंतीपलीकडून वेगळाच आवाज आला.

"अगं, या वालात ओवा आहे."

मग माईंचा आवाज, "लग्न झाल्यापासून घालतेय."

"असं? कुणी सांगितलं नाही कधी."

माईंनी यावर भांडं जोरात आपटलं, एवढं मला कळलं. पण पुढच्या आठवड्यात हिराबाय जिन्यात मोठ्याने म्हणाली, "आज माईने हाक मारली हो! चारच बोंबील घेतले, पन घेतले."

त्या बोंबलांच्या वेळी मी तिथे होतो. जेवणाला बोलावणं होतं आणि ते निरोपाचं होतं. दोघं केळव्याला माईंच्या भावाच्या वाडीत राहायला निघाले होते. बोळिंजचा फ्लॅट विकून झाला होता. सामान बांधलेलं, खोक्यांवर ती ऐतिहासिक परात उपडी ठेवलेली. माईंनी बोंबलाचं भुजणं केलं होतं. त्यांनी मला आधी वाढलं. मी पहिला घास घेतला.

भुजण्यात मीठ नव्हतं.

मी मान वर केली. माई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी डोळ्यांनी मला इतकी स्पष्ट ताकीद दिली, की मी घास तसाच गिळला. मग मला त्या दुपारचा विरजणाचा प्रसंग आठवला. विसरल्या नव्हत्या त्या. या वेळी त्यांनी मीठ ठरवून घातलं नव्हतं.

अण्णांनी बोंबलाचा सुपारीएवढा तुकडा घेतला. चावायला लागले. माई पळी हातात घेऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या. अण्णा चावत होते. चमचा खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. पुन्हा चावलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अण्णा, आज तो शब्द काढू नका.

अण्णांनी घास गिळला.

"अगं," ते म्हणाले, "यात मीठ नाही."

"कमी आहे?" माईंनी विचारलं.

"कमी नाही. नाहीच." त्यांचा आवाज काट्यापाशी वाकून बघतानाचा होता. "लसूण ठेचलेला आहे, वाटलेला नाही. मिरची हिरवी, कोथिंबीर देठासकट. आमसूल चांगलं आहे. बोंबील आजचा. मीठ मात्र अजिबात नाही. विसरलीस का?"

"नाही," माई म्हणाल्या. "तुमच्या काट्याची तपासणी करायची राहिली होती. चाळीस वर्षं."

अण्णांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी बोंबलाचा काटा काढण्यात गुंतलो. बोंबलाला काढण्यासारखा काटा नसतो, हे दोघांनाही माहीत होतं.

"मग?" अण्णांनी जरा घाबरतच विचारलं. "पास की नापास?"

"आधी मीठ तर घालू दे," म्हणत माई आत गेल्या. आत बराच वेळ लागला. मीठ हाताशीच असणार, स्वयंपाकघरात बाकी सगळं बांधून झालं होतं. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा लग्नात रुसवा निघालेल्या बाईसारखा हसरा. त्यांनी भुजणं ढवळून पुन्हा वाढलं. अण्णांनी तेवढाच तुकडा घेतला, तेवढाच वेळ चावला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

माई खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना त्या घरात कधी जेवायला बसलेलं पाहिलं नव्हतं. अण्णांचा तिसरा घास अजून तोंडात होता तोवर माईंचं पान अर्धं झालं होतं. मी हात धुतले, परातीला नमस्कार करावा की काय असा विचार केला, तो सोडून दिला आणि निरोप घेतला.

दार लोटून घेताना मागे पाहिलं. अण्णा हनुवटी तळहातावर टेकवून हळूहळू चावत होते आणि समोर बघत होते. समोर माई दुसऱ्यांदा भात वाढून घेत होत्या. त्यांनी त्यावर भुजण्याचा रस ओतला, कालवला, मोठा घास घेतला आणि मान वर न करता, भरल्या तोंडाने म्हणाल्या, "अप्रतिम."